सूर्यास्ताची कनू-फेरी पौर्णिमेला का नसते?
(देवबाग, कर्ली खाडी)

फोनवर सगळ्यात जास्त विचारणा पौर्णिमेच्या कनू-फेरीची (कनू म्हणजे वल्ह्यांची छोटी होडी) होते. सूर्य बुडताना समोरून चंद्र वर येतो, हे खरंच. पण नेमकं तेव्हाच तिवरांमधल्या वहाळात पाणी नसतं.

कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीच्या आकड्याच्या पाऊणपट वाजता भरती. पौर्णिमा म्हणजे 15, पूर्ण भरती सव्वाअकराच्या सुमारास. सहा तासांनी, म्हणजे ऐन सूर्यास्ताच्या तोंडावर, पूर्ण ओहोटी. त्यात उधाणाचे दिवस, पाणी नेहमीपेक्षा खाली उतरतं. कनू चिखलात बसते, ढकलायला उतरलात की पाय गुडघाभर रुततो आणि मुळांना चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात. अमावास्येलाही हेच.

आता अष्टमी घ्या. आठ पाऊण सहा! संध्याकाळी सहाला खाडी तुडुंब, आणि भांगाचे (भरती-ओहोटीत कमी फरक असलेले) दिवस असल्याने ओढही कमी. म्हणून आमच्या फेऱ्या दोन्ही पक्षांत षष्ठी ते दशमी एवढ्याच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण घरच्या कालनिर्णयात तिथी बघून तारीख ठरवायला हा हिशोब पुरतो. चंद्र हवाच असेल तर शुक्ल अष्टमी घ्या, सूर्यास्ताला अर्धा चंद्र डोक्यावर असतो आणि परतताना उजेड मिळतो. या तारखा लवकर भरतात.

आम्ही सांगतो ती वेळ पाण्याची असते, सूर्याची नव्हे. मोबाइलवर सूर्यास्त 6:40 चा बघून लोक सव्वासहाला किनाऱ्यावर येतात. षष्ठीला भरती साडेचारलाच भरलेली असते. सव्वासहापर्यंत वहाळातलं पाणी उतरायला लागतं आणि फेरी मोठ्या पात्रातच आटोपावी लागते. बगळे परततात ते आतल्या तिवरांत, ते हुकतं. उशीर झाला तर वेळ वाढवून मिळत नाही, पैसेही परत नाहीत. कडक वाटेल, पण ओहोटीला थांबवता येत नाही. सुट्टीत मालवणहून निघताना पाऊण तास हाताशी ठेवा.

खाडी समुद्राला मिळते त्या संगमाकडे कनू नेत नाही. तिथे लाटा आणि ओहोटीची ओढ एकत्र येतात. तिकडच्या त्सुनामी आयलंडला (वाळूच्या बेटाला) मोटरबोटीने जा, सकाळी. जून ते ऑगस्ट फेऱ्या बंद.

चढताना दोन्ही काठ धरून पाय मधोमध टाका आणि लगेच बसा. कनू उलटते ती बहुतेक वेळा फोटोसाठी उभं राहिल्याने. फोन ठेवायला वॉटरप्रूफ पिशवी आम्ही देतो. मागे पट्टा असलेल्या चपला घाला, साध्या स्लिपर चिखलात राहतात. लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्यांनाही घालावं लागतं.

एका कनूत दोघं, आमचा माणूस शेजारच्या कनूत. जड माणूस मागे बसतो. तो पुढे बसला तर नाक खाली जातं आणि कनू सरळ चालत नाही. म्हणून बुकिंग करताना दोघांची वजनं विचारतो. कृपया खरी सांगा, किनाऱ्यावर जागा बदलण्यात दहा मिनिटं जातात.