दात मोजल्यावरच कळणारं नाव

ज्याने पाकट मासा पाहिला आहे, त्याला स्केट कसा दिसतो हे वेगळं सांगायला नको. तसाच पतंगासारखा चपटा देह, मागे शेपूट, तोंड पोटाच्या बाजूला. मुशीसारखंच दोघांच्याही अंगात हाड नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा. पण शेपटीवर विषारी काटा असलेली आपल्याकडची पाकटं जिवंत पिल्लं देतात, तर स्केट अंडी घालतो आणि त्याच्याकडे तो विषारी काटाही नसतो.

लिटल स्केट हा त्यातला लहानखुरा, जेमतेम अर्ध्या मीटरचा. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियापासून अमेरिकेतल्या केप हॅटरासपर्यंत, बहुतेक करून शंभर मीटरच्या आतल्या वाळूवर तो राहतो. त्याचं अंडं म्हणजे चामड्यासारखी काळपट पिशवी, आगपेटीएवढी, चारही कोपऱ्यांना शिंगं. आत एकच पिल्लू. ते शेपटी हलवत राहतं आणि शिंगांच्या फटींतून ताजं पाणी आत ओढून घेतं. पाणी जितकं थंड तितका बाहेर यायला उशीर; सहा महिने ते वर्षभरही लागतं.

१८२५ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर आणि निसर्गअभ्यासक सॅम्युअल मिचिल यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं. पाठीवरच्या काट्यांवरून त्यांना साळूसारखा हेजहॉग आठवला, म्हणून ‘एरिनेशिया’. ‘राजा’ (Raja) या जुन्या, अवाढव्य प्रजातीतून, म्हणजे नात्यातल्या जातींच्या गटातून, तो पुढे ल्युकोराजा या प्रजातीत गेला. मला या नावबदलापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो त्याचा शेजारी, विंटर स्केट. त्याचंही वर्णन मिचिल यांनीच दहा वर्षं आधी केलं होतं.

विंटर स्केट मीटरभर वाढतो, पण लहान असताना दोघे हुबेहूब सारखे. विंटर स्केटच्या पाठीवर डोळ्यासारखे ठिपके असतात म्हणावं, तर कित्येकांना ते नसतातच. मग जबडा उघडून दातांच्या रांगा मोजायच्या. ढोबळमानाने, वरच्या जबड्यात ६६ पर्यंत असतील तर लिटल, ७२ च्या पुढे असतील तर विंटर. हलत्या बोटीवर, गारठलेल्या हातांनी शेकडो माशांचे दात कोण मोजणार? अगदी लहान पिल्लांत तर ही खूणही दगा देते.

हा घोळ कागदावरचा नाही. लिटल स्केट मुख्यतः लॉब्स्टर पकडायला आमिष म्हणून खपतो, विंटर स्केटचे पंख माणसं खातात. नोंदवहीत दोघे ‘स्केट’ म्हणून एकत्र चढले, तर एकाची भरभराट दुसऱ्याची घट झाकून टाकते.

मोठ्यांसाठी एक सोपी युक्ती आहे. नराच्या पोटाखाली आलिंगक नावाचे मीलनाचे दोन लांबट अवयव असतात. ४५ सेंटिमीटरच्या नरात ते पूर्ण वाढलेले दिसले, तर तो लिटल; त्या मापाचा विंटर स्केट अजून पोरसवदाच असतो.

फक्त कॅनडातल्या सेंट लॉरेन्सच्या आखाताच्या दक्षिण भागात ही युक्ती चालत नाही. तिथले विंटर स्केट खूपच कमी लांबीचे असतानाच वयात येतात. माप आणि आलिंगक पाहून निकाल दिला, तर तिथला विंटर स्केट सहज लिटल म्हणून नोंदला जाईल. आणि कॅनडाच्या तज्ज्ञ समितीने संकटग्रस्त ठरवलेल्यांत या आखातातले विंटर स्केटही आहेत.