इसेगोरिया आणि पऱ्हेसिया: बोलायची मुभा वेगळी, बोलायचं धाडस वेगळं

पाश्चात्त्य संस्कृतीच्या पायात सत्यनिष्ठा आणि नैतिक धैर्य आहे, असं म्हणताना बहुतेकदा दाखला दिला जातो तो प्राचीन अथेन्सच्या भाषणस्वातंत्र्याचा. पण ग्रीकांकडे यासाठी दोन शब्द होते, इसेगोरिया आणि पऱ्हेसिया. मराठीत आपण दोन्हींना 'भाषणस्वातंत्र्य'च म्हणतो, आणि तिथेच घोटाळा होतो. कारण पहिला शब्द हक्काचा आहे, दुसरा छातीचा.

इसेगोरिया म्हणजे सभेत बोलण्याचा समान हक्क. प्नीक्स टेकडीवर लोकसभा भरायची. दवंडीवाला पुकारायचा, 'कोणाला बोलायचं आहे?' मग कोणीही नागरिक उठू शकायचा, चांभार असो की जमीनदार. (नागरिक म्हणजे सज्ञान स्वतंत्र पुरुषच. स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक यात नव्हते, हे विसरून चालणार नाही.) जुलमी राजवट गेल्यावर अथेन्स बलाढ्य झालं, त्याचं श्रेय इतिहासकार हिरोडोटस याच हक्काला देतो.

पऱ्हेसिया या शब्दाची फोड 'सगळं बोलणं' अशी होते. मनात आहे ते काही हातचं न राखता, समोरच्याला झोंबेल हे माहीत असूनही बोलणं. हा शब्द इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातल्या युरिपिडीसच्या नाटकांत भेटतो. हक्क कायदा देतो. पऱ्हेसिया कायद्याला देता येत नाही, ती माणसाने स्वतःच्या जबाबदारीवर करायची असते.

फरक पाहायचा तर इ.स.पू. 406 मधल्या एका सभेत जाऊन बसायला हवं. लेस्बॉस बेटाजवळ अर्गिनुसाई इथे अथेन्सच्या आरमाराने स्पार्टाला हरवलं, पण अथेन्सची सुमारे 25 जहाजं गेली आणि वादळामुळे पाण्यातल्या माणसांना वाचवता आलं नाही. सेनापतींवर ठपका आला. पहिल्या दिवशी लोक त्यांच्या बाजूने झुकत होते, पण अंधार पडला, वर झालेले हात दिसेनात, म्हणून सभा पुढे ढकलली. मध्ये सण आला. त्या काळचा इतिहासकार झेनोफोन लिहितो की पुढच्या सभेला काळे कपडे घातलेली, डोकी भादरलेली माणसं मृतांचे नातेवाईक म्हणून आणून बसवली होती.

कॅलिक्झिनोस नावाच्या अथेन्सकराने ठराव मांडला: आठही सेनापतींचा निवाडा एकाच मतदानात करा. हे सरळ बेकायदा होतं. मग एक जण उठून म्हणाला, मी पिठाच्या पिंपाला धरून तरंगत वाचलो. बुडणाऱ्यांनी मला निरोप दिला आहे की सेनापतींनी आम्हाला सोडून दिलं. सेनापतींच्या बाजूच्या युरिप्टोलेमोसने ठरावाच्या बेकायदेशीरपणावर आक्षेप घेतला, तर जमाव ओरडला की लोकांना हवं ते करू दिलं जात नाही हा अन्याय आहे. आक्षेप घेणाऱ्यांनाही सेनापतींबरोबरच शिक्षा करा, अशी सूचना आली आणि आक्षेप मागे घ्यावे लागले. अध्यक्षमंडळातल्या काहींनी ठराव मताला टाकायला नकार दिला, पण धमक्या आल्यावर तेही नमले. एकटा सॉक्रेटिस नमला नाही. कायद्याविरुद्ध काही करणार नाही, एवढंच तो म्हणाला.

त्या दिवशी इसेगोरिया भरपूर होती. कॅलिक्झिनोस बोलला, पिंपवाला बोलला, जमावही बोलला. पऱ्हेसिया एका माणसाच्या नकारात होती. मला मात्र युरिप्टोलेमोसचंही मोठं वाटतं. तो आधी माघार घेऊन बसला होता, तरी पुन्हा उठला आणि प्रत्येकाचा खटला वेगळा चालवा म्हणून त्याने तपशीलवार भाषण केलं. मतदान क्षणभर त्याच्या बाजूनेही गेलं, फेरमतदानात उलटलं. परत आलेल्या सहा सेनापतींना मृत्युदंड झाला. पुढे लोकांना पश्चात्ताप झाला, पण मेलेले सहा मेलेच.

उलटा प्रसंग इ.स.पू. 339 मधला. मॅसिडोनियाचा राजा फिलिप याने अथेन्सच्या वाटेवरचं एलातिया शहर घेतल्याची बातमी संध्याकाळी आली, अधिकारी जेवणावरून उठले, पहाटे टेकडी भरली. दवंडीवाल्याने पुन्हापुन्हा पुकारलं, 'कोणाला बोलायचं आहे?' सगळे सेनापती हजर, सगळे वक्ते हजर, पण कोणी उठेना. हे अथेन्सचा नामवंत वक्ता डेमोस्थेनिस याने स्वतःच पुढे कोर्टात सांगितलं आहे, आणि उठलेला माणूस तोच होता, त्यामुळे रंग थोडा गडद असेल. तरी चित्र खरं वाटतं. हक्क पूर्ण शाबूत, आणि सभा मुकी.

याच डेमोस्थेनिसने त्याआधी दोन वर्षं अथेन्सकरांना तोंडावर सुनावलं होतं: इतर सर्व बाबतींत तुम्ही परक्यांना आणि गुलामांनासुद्धा मोकळं बोलू देता, पण राज्यकारभाराच्या सल्ल्यातून ते मोकळेपण तुम्ही हद्दपार केलं आहे. तिथे त्याने वापरलेला शब्द आहे पऱ्हेसिया. म्हणजे व्यासपीठ खुलं असूनही खरं बोलणं बंद पडू शकतं, कारण ऐकणाऱ्यांना गोडच हवं असतं. लोकांना आवडेल तेच बोलणाऱ्याला कोणी अडवत नाही, म्हणून तो निर्भय ठरत नाही.

पऱ्हेसियाला काळी बाजूही आहे. तोंडाला येईल ते बरळणं यालाही ग्रीक लोक हाच शब्द वापरत, आणि प्लेटोला त्याची धास्ती होती. सगळं बोललं म्हणजे खरं बोललं असं होत नाही. सत्याची चाड नसेल तर धाडस म्हणजे नुसता उद्धटपणा. पण नुसती चाड असून भागत नाही. अध्यक्षमंडळातल्या ज्यांनी आधी नकार दिला होता, त्यांनाही ठराव बेकायदा आहे हे कळत होतंच.

पुढे ग्रीकमध्ये लिहिल्या गेलेल्या नव्या करारातही हा शब्द येतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात येशूचे शिष्य पेत्र आणि योहान यरुशलेमच्या न्यायसभेपुढे उभे आहेत. ते शिकलेले नाहीत, सभेत त्यांना कसला हक्क नाही, आणि गप्प बसा असा हुकूम होतो. इसेगोरिया इथे नावालाही नाही. तरी सभेला त्यांच्यात जे दिसतं आणि नवल वाटतं, त्यासाठी मूळ शब्द पऱ्हेसिया आहे, आणि मराठी बायबलने तिथे 'धैर्य' हा शब्द ठेवला आहे.