सैल सोडायलाही शिकावं लागतं

‘जरा रिलॅक्स हो’ हा सल्ला चिंताग्रस्त माणसाला फुकट आणि वारंवार मिळतो. रिलॅक्स व्हायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी तेच शोधण्यात आयुष्य घालवलं. १९०८च्या सुमारास हार्वर्डमध्ये ते अचानक झालेल्या आवाजाने माणसं कशी दचकतात, हे तपासत होते. स्नायू सैल सोडायला शिकलेली माणसं फारशी दचकत नाहीत, असं त्यांना आढळलं. १९२९मध्ये त्यांनी आपली पद्धत पुस्तकातून मांडली.

धोका जाणवला की श्वास उथळ होतो, छाती धडधडते, खांदे आणि जबडा आवळले जातात. कायम चिंतेत असणाऱ्याला हे आवळलेपण जाणवेनासं होतं, आणि जे जाणवतच नाही ते सोडणार कसं? म्हणून आज शिकवल्या जाणाऱ्या व्यायामात आधी उलटंच करायला सांगतात. मूठ पाच-सात सेकंद घट्ट आवळायची, मग एकदम सोडायची आणि अर्धा मिनिट नुसता फरक न्याहाळायचा. पुढे दंड, कपाळ, जबडा, खांदे, पोट, पाय. सगळी गोम त्या न्याहाळण्यात आहे. ते सोडून लोक नुसत्या मुठी आवळत बसतात.

जेकबसनचं प्रशिक्षण महिनोन्महिने चाले. दक्षिण आफ्रिकेचे मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५०च्या दशकात ते आटोपशीर केलं आणि भीतीवरच्या उपचारात वापरलं. स्वीडनचे लार्स-योरान ऊस्ट यांनी त्यापुढची पायरी गाठली. आवळणं हळूहळू वगळायचं, मग श्वास सोडतानाच अंग सैल करायचं, तेही बसून, उभं राहून, चालताना. शेवटी वीस-तीस सेकंदांत शांत होता यायला हवं. आणि चिंतेची पहिली चाहूल लागताच हे करायचं, ती शिगेला पोचल्यावर नव्हे. सततच्या, सर्वव्यापी चिंतेवर ही पद्धत अनेक अभ्यासांत उपयोगी ठरली आहे. मंत्रचळ म्हणजे ओसीडी, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार; त्यासाठी मात्र ती एकटी पुरत नाही.

आपल्याकडे शवासन आहेच. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी उच्च रक्तदाबावरचा त्याचा परिणाम अभ्यासून १९६९मध्ये प्रसिद्ध केला होता. (योगवर्गात हल्ली शवासन म्हणजे मोबाइल हातात घेण्याआधीची दोन मिनिटं.)

काहींना अंग सैल सोडताना उलट घाबरायला होतं. ताबा सुटतोय असं वाटतं. त्यांनी डोळे उघडे ठेवून, बसून, थोडं थोडं करावं. त्रास रोजचं जगणं अडवत असेल तर तज्ज्ञांकडे जावं.

रक्त किंवा सुई पाहून चक्कर येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा रक्तदाब एकदम घसरतो. त्यांना सैल सोडायला सांगितलं तर ते कोसळतील. म्हणून ऊस्ट यांनीच त्यांना नेमकं उलटं शिकवलं: हात, पाय आणि धड दहा-पंधरा सेकंद, चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत, ताणून धरायचं.