लोमिलोमी : मालीश घेण्याआधी हे वाचा

लोमिलोमी ही हवाई बेटांवरची पारंपरिक मालीश. तिथे ती एकटी नसायची. आधी प्रार्थना व्हायची, तिला ‘पुले’ म्हणतात. जोडीला झाडपाल्याची औषधं असायची, आणि घरात वाद धुमसत असेल तर सगळ्यांना एकत्र बसवून तो मिटवण्याची ‘होओपोनोपोनो’ ही रीतही. दुखण्याचं मूळ बिघडलेल्या नात्यातही असू शकतं, अशी तिथली धारणा. आम्ही यातला हातांचा भाग देतो. बाकीचा त्या लोकांचा, त्यांच्या भूमीचा आहे, आणि तो तासाच्या हिशोबाने विकण्याची गोष्ट नाही.

ही विद्या घराण्यांत राहिली, म्हणून प्रत्येक कुटुंबाची पद्धत थोडी वेगळी. १९७० च्या दशकात केआलाकेकुआ उपसागराकाठी मार्गारेट माचाडो (१९१६–२००९) बाहेरच्या लोकांनाही ती शिकवू लागल्या. काउआई बेटावरच्या अब्राहम कवाई यांच्या परंपरेत संगीताच्या तालावर टेबलाभोवती पावलं टाकत हात फिरवतात; व्हिडिओत बहुधा तीच दिसते. आमचं काम संथ असतं, नाच नसतो.

एका वेळेला ९० मिनिटं धरा. पहिली दहा मिनिटं बोलण्यात जातात: कुठे दुखतं, कधीपासून, कोणती औषधं चालू आहेत. मग तुम्ही पालथे झोपता. अंगावर चादर असते आणि जो भाग चोळायचा तेवढाच उघडा केला जातो. आधी तळहात पाठीवर नुसता ठेवून श्वास पाहिला जातो. त्यानंतर बोटांनी चाचपून घट्ट जागा शोधतात, याला तिथे ‘हाहा’ म्हणतात. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं अंदाजाने होतं.

मुख्य काम कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताने होतं. हा भाग रुंद आणि मऊ, त्यामुळे दाब पसरतो आणि अंगठ्यासारखा टोचत नाही. कमरेपासून खांद्यापर्यंत हात एका लांब ओघात फिरतो, तिथून दंडावर, आणि न उचलता परत. जोर खांद्यातून नाही, पावलांवरून अंगाचं वजन पुढे सोडून येतो. कोपराचं टोक मणक्यावर कधीही येता कामा नये. ते कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवरच चालतं. वेग वाढला की स्नायू सैल होण्याऐवजी आवळतो. श्वास अडकला तर दाब जास्त झाला असं समजा आणि लगेच सांगा. सहन करण्यात काही फायदा नाही.

पूर्ण अंगाला साधारण ४० मिली तेल लागतं. जास्त झालं तर हात नुसता घसरतो, स्नायू हाती लागत नाही. कमी पडलं तर केस ओढले जातात आणि कातडी जळजळते. आम्ही खोबरेल वापरतो, थंडीत ते गोठतं म्हणून बाटली कोमट पाण्यात ठेवून पातळ करतो. मागितलं तर कुकुईचं तेल मिळेल. कुकुई म्हणजे आपल्याकडचा जंगली अक्रोड. ते तेल लवकर खवट होतं, वास बदललेली बाटली आम्ही टाकून देतो. त्याच्या कच्च्या बिया विषारी असतात, वजन उतरवण्यासाठी खाऊ नका. अक्रोड, बदाम, काजू अशा कवचाच्या फळांची अॅलर्जी असेल तर आधीच सांगा.

ताप, त्वचेचा संसर्ग, ताजं फ्रॅक्चर किंवा शस्त्रक्रिया, पायात रक्ताची गुठळी, अनियंत्रित रक्तदाब असेल तर आम्ही मालीश करत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा तुम्ही गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारूनच या. फुगलेल्या निळ्या शिरांवर दाब देत नाही.

पाठ, मान, खांद्यांचा ताण हलका होणं, झोप शांत लागणं हे बऱ्याच जणांना जाणवतं. मालिशीने आजार बरा होतो किंवा शरीरातलं विष बाहेर पडतं, असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या दिवशी अंग थोडं दुखणं स्वाभाविक आहे. हातापायाला मुंग्या आल्या, बधिरपणा वाटला किंवा पोटरी सुजली तर डॉक्टरांकडे जा.

जेवणानंतर दोन तासांनी या. तेल लागेल म्हणून जुने, सैल कपडे घाला. नंतर लगेच गाडी चालवू नका. पंधरा मिनिटं बसा, बसायची सोय आमच्याकडे आहे.