परड्यातली चवळी: आली कुठून आणि बांधावर का राहिली

साताऱ्याच्या बाजारात नुसती ‘चवळी’ मागितली तर कधी लांब शेंगांची जुडी हातात येते, कधी पाल्याची. पाला असतो चवळईचा, म्हणजे राजगिऱ्याच्या कुळातल्या भाजीचा. शेंगेच्या चवळीशी त्याचं नातं नावापुरतंच. इथे गोष्ट शेंगेच्या चवळीची आहे. मृगाच्या आसपास परड्यात, म्हणजे घरामागच्या भाजीच्या तुकड्यात, चार बिया टोकायच्या आणि गौरी-गणपतीपर्यंत शेंगा तोडत राहायचं, ही रीत कुठून आली त्याची.

चवळीचे रानटी भाऊबंद आफ्रिकेतच आढळतात. घानामधल्या किंटाम्पो संस्कृतीच्या वस्त्यांत साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे तिचे दाणे मिळाले आहेत. भारतातही ती जवळपास तेवढीच जुनी. ज्वारी आणि बाजरीही आफ्रिकेच्याच. साताऱ्याच्या दुष्काळी माण-खटावच्या ताटात बाजरीची भाकरी आणि चवळीची उसळ शेजारी वाढली जाते, तेव्हा एकाच खंडातून निघालेल्या दोघी हजारो वर्षांनी एका ताटात भेटतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. मटकी आणि हुलगा मात्र इथलेच.

चरकसंहितेत ‘राजमाष’ म्हणून जो उल्लेख येतो तो चवळीचा. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथात याच राजमाषाला ‘चपल’ आणि ‘चवल’ अशीही नावं दिली आहेत. आपली चवळी त्या ‘चवल’मधून आली. पुढे अमेरिकेतून घेवडा आला आणि उत्तरेत त्याला राजमा म्हणू लागले. त्याच घेवड्याच्या जातीतल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला आज भौगोलिक मानांकन आहे. त्याचा आनंद आहेच, पण त्याच्या कितीतरी आधी आलेली चवळी बांधावरच राहिली, याची चुटपुटही लागते.

आशियात आल्यावर चवळीचा एक नवा अवतार घडला. आफ्रिकेत दाणा महत्त्वाचा होता. आग्नेय आशियात लोकांनी कोवळ्या शेंगेसाठी निवड केली आणि हात-दीड हात लांबीच्या शेंगांचा वेल तयार झाला. मांडवावर चढणारी चवळी ती हीच. दाण्याची चवळी बहुधा बुटकी, झुडपी किंवा अर्धवट पसरणारी असते.

दुसरीकडे गुलामांच्या जहाजांतून हेच दाणे अमेरिकेच्या दक्षिणेत पोचले. तिथे त्याला ‘सदर्न पी’, ‘फिल्ड पी’ म्हणतात. जनावरांना घालायची म्हणून ‘काऊपी’ हेही नाव पडलं. अलाबामातल्या टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेत 1896 मध्ये आलेल्या कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी कापसाने झिजलेल्या जमिनींसाठी चवळीचा आग्रह धरला आणि 1903 मध्ये तिच्यावर शेतकऱ्यांसाठी पुस्तिकाच काढली. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, हे त्याआधी थोडीच वर्षं, 1886 मध्ये, जर्मनीत हेल्रीगेल यांनी दाखवलं होतं. आपल्याकडे त्याला ‘बेवड’ म्हणतात. चवळीचा बेवड चांगला, पुढचं पीक तरारून येतं, हे आपली माणसं गाठींचं शास्त्र कळण्याआधीपासून जाणून आहेत.

माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात चवळी बाजरीच्या ओळींत मिसळून पेरत. पाऊस ओढला आणि बाजरी गेली तरी चवळीचं खोल सोटमूळ तग धरायचं. घरात निदान उसळीपुरता दाणा आणि जनावरांपुरता पाला यायचा. पुढे कृष्णाकाठ उसाने व्यापला, खरिपात सोयाबीन पसरलं. सोयाबीन एकदम वाळतं, एकदम कापून यंत्राखाली घालता येतं. जुन्या चवळीला तसं चालत नाही. एकाच वेलावर फूल, कोवळी शेंग आणि वाळलेली शेंग एकत्र असतात, त्यामुळे तोडणी महिनाभर चालते. मोठ्या रानात या तोडणीची मजुरी परवडत नाही, परड्यात मात्र तोच गुण होतो: दर तिसऱ्या दिवशी कालवणापुरत्या शेंगा. म्हणून चवळी बायकांच्या हाती राहिली, असं मी म्हणेन. ऋषिपंचमीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, ते परड्यातलंच लागतं. त्या भाजीत आमच्याकडे चवळीच्या शेंगा हमखास पडतात.

लावणीतही हाच इतिहास दिसतो. उष्ण प्रदेशातलं पीक, म्हणून थंड, गच्च ओल्या मातीत बी कुजतं. चांगला पाऊस होऊन वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण मोकळी झाली, की बोटाच्या दोन पेरांहून खोल न टोकता, झुडपी वाणाला वीतभर आणि वेलाला हातभर अंतर द्यावं. नत्राची खतं तर देऊच नयेत. दिली तर पाला माजतो आणि शेंगा रुसतात. एखादं रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडून पाहा. आत गुलाबी दिसली तर नत्राचं काम चालू आहे. देठांवर मुंग्या दिसल्या तर लगेच फवारा उचलू नका. आधी पानं उलटून मावा आहे का ते बघा. चवळीला फुलांबाहेरही मधाच्या ग्रंथी असतात, मुंग्या बऱ्याचदा त्यासाठीच येतात.

लवकर येणाऱ्या वाणाची कोवळी शेंग पेरणीनंतर साधारण 45 ते 50 दिवसांत हाती येते. दाणा फुगून शेंगेवर उठण्याआधी ती तोडावी. तोडत राहिलं तर वेल फुलत राहतो. शेंगा पिकू दिल्या की फुलं कमी होतात. दाण्यासाठी मात्र शेंग वेलावरच वाळू द्यायची, हलवल्यावर खुळखुळली की सकाळच्या दवात तोडायची. भर उन्हात तोडली तर तडकून दाणे मातीत जातात.

बी घरचंच ठेवावं. चवळीचं फूल सकाळी उमलून दुपारच्या आत मिटतं आणि बहुतेक वेळा स्वतःच्याच परागांनी फळतं, त्यामुळे वाण पिढ्यान्‌पिढ्या फारसा बदलत नाही. धोका असतो भुंग्याचा. तो शेंग रानात असतानाच अंडी घालतो, घरात आलेल्या दाण्यात अळी आधीच असते. आजी दाणे दोन-तीन दिवस कडक उन्हात घालून, चुलीची चाळलेली राख चोळून मडक्यात भरायची आणि तोंड शेणमातीने लिंपायची. राखेने दाण्यांमधल्या फटी भरतात, भुंग्याला हालचाल करता येत नाही. चूल नसेल त्या घरी एरंडेलाचा हात फिरवला तरी चालतं.