नवपुराणमतवाद

नवपुराणमतवाद : अमेरिकेत १९६०–७० च्या दशकांत आकाराला आलेली राजकीय विचारधारा. तिच्या अनुयायांना सर्रास ‘निओकॉन’ म्हणतात. ‘पुराणमत’ म्हटले की मराठी वाचकाला सोवळे-ओवळे आठवते. त्याचा इथे संबंध नाही. नवउदारमतवादाशीही गल्लत नको, तो मुख्यतः बाजारपेठेचा विचार आहे. यातले ‘नव’ मतापेक्षा माणसांना अधिक लागू पडते : डावीकडून येऊन उजव्या गोटात नव्याने दाखल झालेले ते हे. समाजवादी लेखक मायकेल हॅरिंग्टन यांनी १९७३ मध्ये हा शब्द हिणवण्यासाठी रूढ केला. लेखक-संपादक अर्व्हिंग क्रिस्टॉल यांनी तो खुशाल मिरवला.

क्रिस्टॉल, डॅनियल बेल, नेथन ग्लेझर ही न्यू यॉर्कमधील ज्यू स्थलांतरितांची मुले. १९३०–४० च्या दशकांत सिटी कॉलेजच्या स्टालिनविरोधी डाव्या कोंडाळ्यात ती वाद घालायला शिकली. साम्यवादाशी त्यांचे वैर म्हणूनच भाऊबंदकीसारखे कडवट होते. १९६५ मध्ये क्रिस्टॉल व बेल यांनी ‘द पब्लिक इंटरेस्ट’ हे त्रैमासिक काढले आणि त्यातून अध्यक्ष जॉन्सन यांच्या गरिबी हटवण्याच्या योजनांची झाडाझडती सुरू झाली. कल्याणकारी राज्य त्यांना मुळातच नको होते असे नाही. सरकार समाज घडवायला निघाले की भलतेच काही घडते, हा त्यांचा आक्षेप. भारतात १९७३–७५ मध्ये अमेरिकेचे राजदूत असलेले डॅनियल मॉयनिहान याच वर्तुळातले, पण ते अखेरपर्यंत डेमोक्रॅटिक पक्षातच राहिले.

परराष्ट्र धोरणात सोव्हिएत संघाशी नमते घेण्यास नवपुराणमतवाद्यांचा विरोध होता. राज्यशास्त्रज्ञ जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७९ च्या लेखात अमेरिकेच्या मित्र हुकूमशहांना घाईने लोकशाहीकडे ढकलू नये असे बजावले. १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्यांना संयुक्त राष्ट्रांत राजदूत नेमले. पुढच्या पिढीने हा सावधपणा सोडला. क्रिस्टॉल यांचे पुत्र विल्यम, रॉबर्ट केगन, पॉल वुल्फोवित्झ यांना अमेरिकी सैन्यबळाने लोकशाही रुजवता येईल असे वाटे. इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेन याला हटवण्याची मागणी त्यांनी १९९८ मध्येच केली होती. २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला. ज्यांना स्वदेशातली वस्ती सरकारी योजनेने सुधारेल यावर भरवसा नव्हता, ते परका देश नव्याने उभारायला निघाले. ही विसंगती २००६ मध्ये त्यांच्यातल्याच राज्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस फुकुयामा यांनी दाखवली आणि ते बाजूला झाले.

२०१६ मध्ये ट्रम्प यांनी रिपब्लिकन व्यासपीठावरूनच इराक युद्धाला घोडचूक म्हटले. विल्यम क्रिस्टॉल यांनी १९९५ मध्ये सुरू केलेले ‘द वीकली स्टँडर्ड’ हे नवपुराणमतवादी साप्ताहिक डिसेंबर २०१८ मध्ये बंद पडले.