झिरो माईलपासून मागे वजा दहा

नागपूरच्या झिरो माईलवरून गाडी नेताना मला हल्ली दर वेळी बॅक्टेरियाचा डीएनए आठवतो. तिथल्या दगडावर हैदराबाद, चांदा, रायपूर, जबलपूर किती लांब ते कोरलंय, सगळं मोजमाप एका जागेवरून, आणि जीनचंही तसंच असतं, त्याची आरएनए नावाची नक्कल बनायला जिथून सुरुवात होते ते डीएनएचं अक्षर (ए, टी, जी, सी यांपैकी एक) +1, पुढे +2, +3, मागे −1, −2. फक्त इथे झिरोच नाही, −1 नंतर थेट +1.

मागच्या त्या तुकड्याला प्रमोटर म्हणतात आणि जीन चालू होणार की नाही, किती जोरात होणार, ते बरंचसं तिथेच ठरतं.

आपल्या आतड्यातला ई. कोलाय घ्या. डीएनएची अक्षरं सुमारे 46 लाख, जीन चार हजारांच्या वर. आरएनए बनवणारं पॉलिमरेज एकटं असलं की डीएनएवर कुठेही चिकटतं, त्याला नेमकी जागा सापडते ती सिग्मा नावाच्या प्रोटीनमुळे, जे 1969 मध्ये सापडलं. सिग्मा दोन ठिकाणं ओळखतं, −35 जवळ टीटीजीएसीए आणि −10 जवळ टीएटीएएटी. ए-टी जोडीत दोनच हायड्रोजन बंध, जी-सीमध्ये तीन, म्हणून −10 ची गाठ सोडवायला सोपी, त्यातही −11 चा ए सिग्मा चक्क बाहेर ओढून आपल्या खोबणीत धरून ठेवतं आणि मग डीएनएचे दोन धागे उकलत +1 च्या पुढपर्यंत जातात.

मला सगळ्यात भारी वाटतं ते मधलं अंतर. दोन्ही तुकड्यांमध्ये 17 अक्षरं असली की उत्तम, कारण डीएनए पिळलेला असतो, साधारण साडेदहा अक्षरांत एक वेढा, म्हणजे एक अक्षर वाढलं की पुढचा तुकडा थोडा लांब तर जातोच पण 34 अंशांनी फिरतोही, आणि सिग्माची पकड ढिली पडते.

अक्षरांचंही तेच. लॅक्टोज पचवणाऱ्या जीनच्या प्रमोटरमध्ये −10 ला टीएटीजीटीटी आहे, म्हणून तो मुळात कमजोर, सीएपी नावाच्या प्रोटीनची मदत लागते. लॅक-यूव्ही5 या म्युटेशनमध्ये दोनच अक्षरं बदलून टीएटीएएटी झालं आणि त्या मदतीची गरज जवळपास संपली. पण बाराच्या बारा अक्षरं जुळली म्हणजे बेस्ट असंही नाही हो, पकड इतकी घट्ट होऊ शकते की पॉलिमरेजला तिथून निघून पुढे जाणंच जड जातं.

आणि उन्हाळा? आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, ई. कोलायला तर 42 अंशांतच त्रास सुरू होतो, प्रोटीनच्या घड्या बिघडायला लागतात. तेव्हा पेशीत सिग्मा-32 वाढतं, त्याला वेगळे प्रमोटर ओळखता येतात, −10 ला सीसीसीसीएटी असलेले, आणि घड्या दुरुस्त करणाऱ्या प्रोटीनचे जीन धडाधड चालू होतात. दुरुस्ती उरकली की तीच मोकळी झालेली प्रोटीनं सिग्मा-32 ला धरतात आणि एक एन्झाइम त्याचे तुकडे करून टाकतं.